प्रस्तावना : फॉस्फेटचा हिशेब

तीनशे लिटर खाऱ्या पाण्याची टाकी आणि माशांच्या सुक्या खाद्याची एक ग्रॅमची चिमूट, एवढ्यावर या पुस्तकाचा विषय मांडता येतो. सुक्या खाद्यात वजनाच्या साधारण एक टक्का फॉस्फरस असतो, म्हणजे एका ग्रॅमात १० मिलिग्रॅम. तो सगळा पाण्यात उतरला तर त्याचे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट होते आणि तीनशे लिटरांत लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम पडते. निरोगी प्रवाळभिंतीवरच्या पाण्यात फॉस्फेट बहुधा याच्या निम्म्याहून कमी असते, कित्येक ठिकाणी त्याहूनही बरेच कमी. समुद्राने जो आकडा राखलेला आहे, त्याच्या दुपटीहून अधिक भर आपण एका दिवसात, एका चिमटीने घालू शकतो.

अर्थात हे सगळे फॉस्फेट पाण्यात राहत नाही. मासे काही अंगी लावतात, काही फॉस्फेट होण्याआधीच स्किमर या यंत्राच्या फेसाबरोबर निघून जाते, काही जिवाणू आणि शेवाळ उचलतात. पण उरलेल्याचाही हिशेब करून पाहावा. पाण्यात लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम फॉस्फेट असेल, तर तीनशे लिटरच्या अख्ख्या टाकीत ते जेमतेम ९ मिलिग्रॅम भरते. रोजच्या एका ग्रॅम खाद्यातून येणारी आवक त्याच्या तिपटीहून जास्त आहे. आकडा ०.१ असताना दहा टक्के पाणी बदलले, तर बाहेर पडते ३ मिलिग्रॅम. एका दिवसाच्या आवकेचा दहावा हिस्सा. पाणी बदलणे इतर अनेक कारणांसाठी गरजेचे आहे, पण फॉस्फेटच्या बाबतीत ते एकटे पुरत नाही. म्हणून रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची टाकी, सांभाळणारा माणूस आज ना उद्या फॉस्फेट शोषणाऱ्या मीडियाकडे वळतो. त्या टप्प्यावर आलेल्यांसाठी हे पुस्तक लिहिले आहे.

पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे. आधी आवक ओळखावी आणि मोजावी, मग नैसर्गिक जावक वाढवावी, आणि एवढे करूनही जी तफावत उरेल तेवढीच मीडियाने भरून काढावी. आकडा शून्यावर नेण्याच्या ईर्षेपेक्षा तो एका अरुंद पट्ट्यात महिनोन्‌महिने स्थिर ठेवण्याला प्रवाळ अधिक चांगला प्रतिसाद देतात. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र ‘फॉस्फेट वाढले, मीडिया टाका’ या एका ओळीच्या सल्ल्याने कितीतरी टाक्यांचे नुकसान झाले आहे, आणि ते टाळता येण्यासारखे होते. ती कळकळ या पानांमागे आहे.

फॉस्फेट हे विष नव्हे, हे सुरुवातीलाच मनाशी पक्के करावे. शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात तोच हा फॉस्फरस. पेशीच्या आवरणात, डीएनएच्या साखळीत, ऊर्जा वाहून नेणाऱ्या एटीपीच्या रेणूत तो असतोच. त्याच्यावाचून कोणतीच पेशी वाढत नाही. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. हे शैवाल उजेडावर साखर तयार करते, तिचा मोठा वाटा यजमानाला देते आणि प्रवाळाच्या उत्सर्गातले नत्र व स्फुरद स्वतःसाठी घेते. उष्ण कटिबंधातल्या निळ्या, पोषकद्रव्यांनी गरीब पाण्यात एवढी गजबजलेली भिंत उभी राहते ती या काटकसरीच्या देवाणघेवाणीवर. तिथे पाण्यात फॉस्फेट कमी दिसते, पण भिंतीवरून समुद्राचे अफाट पाणी अहोरात्र वाहत असते, त्यामुळे आकडा लहान असला तरी पुरवठा खंडत नाही. शिवाय त्या पाण्याबरोबर सूक्ष्म प्लवकांचे अन्नही येत राहते. टाकीत हा ओघ नाही. तिथे आकडा तळाला गेला की पुरवठाही आटू शकतो. समुद्राचा आकडा टाकीवर जसाच्या तसा लादताना हा फरक सहज नजरेआड होतो.

जास्तीचे फॉस्फेट मात्र प्रवाळाच्या सांगाड्यालाच लागते. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवर वन ट्री नावाचे बेट आहे. तिथल्या एका प्रवाळखंडावर दीर्घकाळ नत्र आणि फॉस्फेट सोडून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष किन्सी आणि डेव्हिस यांनी १९७९ साली प्रसिद्ध केले. कॅल्शियम कार्बोनेट जमण्याचा वेग निम्म्याहून अधिक घटला होता. याचे एक कारण स्फटिकाच्या पातळीवर सापडते. कॅल्शियम कार्बोनेटचा स्फटिक वाढत असताना फॉस्फेटचे आयन त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि पुढचा थर जिथे बसायचा ती जागाच अडवून धरतात. पुढे १९९०च्या दशकात त्याच बेटावर ‘एन्कोर’ हा मोठा प्रयोग झाला. त्यात फॉस्फेट मिळालेले प्रवाळ लांबीला वाढलेले दिसले, पण सांगाड्याची घनता कमी भरली. म्हणजे डोळ्यांना वाढ दिसत होती आणि फांदी मात्र मोडायला सोपी झाली होती.

घरच्या टाकीत हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. ॲक्रोपोरा या फांदीदार प्रवाळाच्या वाढत्या फांदीचे टोक फिकट, जवळजवळ पांढरे असते, कारण तिथे नवा सांगाडा रचला जात असतो आणि शैवालाची वस्ती अजून विरळ असते. वाढ मंदावली की हे फिकट टोक पुसट होत जाते आणि फांदी शेंड्यापर्यंत एकसारखी तपकिरी दिसू लागते. काचेवर चार दिवसांनी धरणारा हिरवट थर दोन दिवसांत धरू लागतो. खडकांच्या खोबणीत केसाळ शेवाळ मूळ धरते. आकडा हाती येण्याआधी टाकी स्वतःच हे सांगत असते, आणि रोज पाच मिनिटे टाकीसमोर शांतपणे बसणाऱ्याला ते वाचता येते.

आता उलटी बाजू. फॉस्फेट जितके कमी तितके चांगले, असा समज या छंदात फार काळ होता. २०१३ साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातील योर्ग वीडेनमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजाला धक्का देणारे काम प्रसिद्ध केले. पाण्यात नत्र भरपूर आणि फॉस्फेटचा मात्र दुष्काळ असेल, तर प्रवाळाच्या आतले शैवाल वाढायला बघते, पण त्याला पेशीची आवरणे नीट घडवता येत नाहीत. फॉस्फरसयुक्त लिपिडांच्या जागी ते गंधकयुक्त लिपिडे वापरू लागते. असे प्रवाळ उष्णतेच्या आणि प्रखर उजेडाच्या ताणाखाली लवकर पांढरे पडतात. याच गटाच्या पुढच्या कामातून फॉस्फेटच्या उपासमारीच्या खुणा त्या शैवालाच्या पेशीरचनेतही दिसून आल्या.

रीफ टाकीवाल्यांचा अनुभव याच्याशी जुळतो. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही तळाला गेलेल्या टाकीत प्रवाळांचे रंग आधी फिकट पेस्टल होतात, मग पातळ झालेल्या त्वचेतून सांगाडा दिसू लागतो आणि बुडापासून ती सुटू लागते. वाळूवर तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेला थर पसरतो. हे डायनोफ्लॅजेलेट. स्पर्धेतले इतर जीव उपाशी मेल्यावर रिकाम्या झालेल्या जागेवर ते हातपाय पसरतात. ऑस्ट्रेऑप्सिससारख्या त्यांच्या काही जाती विषारी असतात आणि टाकीतल्या गोगलगाईंनाही त्यांचा त्रास होतो. वाढलेले शेवाळ काढता येते. उपासमारीने आलेले हे संकट निस्तरायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनी रीफ टाकीच्या रसायनशास्त्रावर विपुल लिहिले. फॉस्फेट ०.०३ पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या, खाली ठेवावे ही त्यांची जुनी शिफारस जगभर पाठ झाली. आज बरेच अनुभवी लोक ०.०३ ते ०.१ या पट्ट्यात समाधानी असतात, आणि याहून वरच्या आकड्यावरही देखण्या टाक्या उभ्या आहेत. आल्फ्रेड रेडफील्ड यांनी समुद्रातल्या प्लवकांत नत्र आणि स्फुरद यांचे अणूंचे प्रमाण १६ : १ असल्याचे दाखवले, नायट्रेट आणि फॉस्फेटच्या वजनात ते साधारण १० : १ होते. हे गुणोत्तर टाकीत काटेकोर पाळण्याची गरज नाही. पण नायट्रेट २० आणि फॉस्फेट ०.०१ असे विषम चित्र दिसले, तर मीडिया तातडीने कमी करावा, एवढा इशारा त्यातून घ्यावा.

मीडियांत सर्वाधिक वापरला जातो तो ग्रॅन्युलर फेरिक ऑक्साइड, रोजच्या बोलण्यातला जीएफओ. गंजाच्या रंगाचे हे बारीक दाणे. त्यांची सुरुवात मत्स्यालयांसाठी झालेली नाही. १९९०च्या दशकात बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात पिण्याच्या पाण्यातले आर्सेनिक काढण्यासाठी दाणेदार फेरिक हायड्रॉक्साइड विकसित झाले. आवर्तसारणीत आर्सेनिक फॉस्फरसच्या थेट खाली बसते. आर्सेनेट आणि फॉस्फेट यांची ठेवण इतकी सारखी की लोखंडाच्या ऑक्साइडचा पृष्ठभाग दोघांनाही धरतो. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला फॉस्फेट ही डोकेदुखी असते, कारण ते आर्सेनिकची जागा अडवते. रीफवाल्यांनी नेमका तोच गुण उपयोगात आणला.

जीएफओचा दाणा आतून सच्छिद्र असतो. एका ग्रॅमला शंभराहून अधिक चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. त्या पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटाला बाजूला सारून फॉस्फेट लोखंडाशी थेट बंध जोडते. हा बंध घट्ट असला तरी सगळा व्यवहार समतोलाचा आहे. पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तर दाणे जास्त धरतात, कमी असेल तर कमी. म्हणून ०.५ वरून ०.१ वर येणे तुलनेने झटपट होते; ०.०६ वरून ०.०३ वर येताना तोच मीडिया वजनाच्या मानाने कमी फॉस्फेट धरून ‘भरतो’. दुसरी बाजू अशी की कोरा मीडिया पहिल्या दोन-तीन दिवसांतच सर्वाधिक ओढून घेतो. डब्यावर लिहिलेले पूर्ण माप पहिल्याच दिवशी टाकले तर ०.३ चा आकडा एका रात्रीत कोसळू शकतो. महिनोन्‌महिने भरपूर फॉस्फेटला सरावलेल्या प्रवाळाला ही अचानक ओढाताण सोसत नाही. बुडापासून किंवा टोकापासून त्याची त्वचा सुटते. म्हणून या पुस्तकात सगळीकडे एकच सूत्र आहे. मापाच्या चौथाईने सुरुवात करा, आठवडाभर आकडे पाहा, मगच वाढवा.

वापरण्याची रीत साधी आहे, पण तिच्या बारकाव्यांतच यश आहे. दाणे आधी आर.ओ.-डी.आय.च्या पाण्यात, निवळ पाणी येईपर्यंत खळबळून घ्यावेत. नाहीतर गंजकट भुकटी टाकीभर पसरते आणि प्रवाळांवर बसते. मग ते ज्या नळीत भरून त्यातून पाणी फिरवतात त्या रिॲक्टरमधला प्रवाह इतकाच ठेवावा की वरच्या थरातले दाणे मंद हलत राहतील. जोरात उसळणारे दाणे एकमेकांवर घासून झिजतात. अजिबात न हलणाऱ्या दाण्यांवर कॅल्शियम कार्बोनेट बसून त्यांचे गठ्ठे होतात, आणि मग पाणी गठ्ठ्यांच्या कडेने वाट काढून न शोषताच निघून जाते. मीडिया बदलायचा केव्हा, याचे उत्तर बरेच जण ‘चार ते आठ आठवड्यांनी’ असे देतात. कॅलेंडरपेक्षा खात्रीचा मार्ग आहे. एक नमुना टाकीतून घ्या, दुसरा रिॲक्टरच्या बाहेर पडणाऱ्या नळीतून. टाकीत ०.०८ आणि नळीत ०.०२ असेल तर मीडिया काम करतो आहे. दोन्ही आकडे सारखे आले की तो भरला. या एका सवयीने वर्षाचा मीडियाचा खर्चही कमी होतो आणि आकड्यांतले धक्केही.

दुसरा मीडिया ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना. हे पांढरे गोलसर दाणे पिशवीत घालून संपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या गाळणीच्या कप्प्यात, ठेवता येतात, रिॲक्टर लागत नाही. लहान टाकीला ही मोठी सोय. त्यांचेही नाते आर्सेनिकशी आहे. पश्चिम बंगालच्या गावांमध्ये विहिरींच्या पाण्यातले आर्सेनिक काढायला ॲल्युमिना वापरला गेला आहे. ॲल्युमिना वेगाने काम करतो, पण फार काळ ठेवला तर धरलेले फॉस्फेट पुन्हा सोडू शकतो. थोड्या दिवसांसाठी वापरून काढून घ्यावा हे उत्तम. सार्कोफायटनसारखे मऊ प्रवाळ ॲल्युमिनियमच्या संपर्कात आक्रसून घेतात असे निरीक्षण आहे, त्यामुळे मऊ प्रवाळांच्या टाकीत तो वापरताना हात आखडता ठेवावा.

तिसरा मार्ग लँथॅनम क्लोराइडचा. हा दाणेदार मीडिया नाही, थेंबाथेंबाने द्यायचे द्रावण आहे. जलतरण तलावातले शेवाळ रोखण्यासाठी ते विकले जाते आणि मोठमोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांनीही ते वापरले आहे, कारण हजारो लिटरांना जीएफओ परवडत नाही. तलाव-सरोवरांसाठी ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेने १९९०च्या दशकात बेंटोनाइट मातीत लँथॅनम बसवून ‘फॉस्लॉक’ तयार केले, त्यामागचे रसायन हेच. लँथॅनम फॉस्फेटशी जुळून अगदी बारीक, न विरघळणारा साका बनवते. तो साका पाण्यातून बाहेर काढणे हे आपले काम. थेंब नेहमी पाच ते दहा मायक्रॉनच्या फिल्टर पिशवीत पडले पाहिजेत, सावकाश आणि भरपूर विरळ करून. नाहीतर तो गढूळपणा टाकीत फिरतो. सर्जनफिशना याचा श्वसनाला त्रास झाल्याच्या नोंदी छंदात पुष्कळ आहेत. लँथॅनम कार्बोनेटलाही पकडते, त्यामुळे अल्कलिनिटी घसरते. ती रोज तपासावी. नवशिक्याने या वाटेला जाऊ नये, असे मी पुढे मीडियाच्या भागातही स्पष्टच लिहिले आहे.

आता या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग, खडक. टाकीतला खडक आणि वाळू म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, आणि कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेट धरते. मायामी विद्यापीठातील फ्रँक मिलेरो आणि सहकाऱ्यांनी २००१ साली समुद्राच्या पाण्यात कॅल्साइट आणि ॲरागोनाइटवर फॉस्फेट कसे बसते आणि कसे सुटते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुटते, हा शब्द महत्त्वाचा. वर्ष-दोन वर्षे ०.५ वर राहिलेल्या टाकीत पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फॉस्फेट खडकात मुरलेले असते. मीडियाने पाणी साफ केले की समतोल ढळतो आणि खडक साठा सोडू लागतो. कोकणातल्या घराची पावसाळाभर भिजलेली भिंत वरून रंगवली तरी आतली ओल महिने महिने बाहेर येत राहते, तसेच हे. सोमवारी ०.०५ वर आणलेला आकडा शुक्रवारी पुन्हा ०.१५ दिसतो, आणि मीडिया बनावट निघाला असे मालकाला वाटते. मीडिया बरोबर असतो. साठा मोठा असतो. अशा वेळी मीडियाचे प्रमाण दुप्पट करण्यापेक्षा तो वेळच्या वेळी बदलत राहणे आणि आकडा हळूहळू उतरू देणे हाच मार्ग आहे.

समुद्रातही हेच घडल्याची एक नोंद आहे. हवाई बेटांमधल्या कानेओहे उपसागरात अनेक वर्षे सांडपाणी सोडले जात होते. पोषकद्रव्ये वाढली, आणि डिक्टिओस्फेरिया नावाच्या, बुडबुड्यांच्या गाद्यांसारख्या हिरव्या शेवाळाने प्रवाळांना झाकून टाकले. १९७७-७८ मध्ये ते सांडपाणी खुल्या समुद्राकडे वळवण्यात आले. पाणी लवकरच निवळले, पण तळाच्या गाळात साठलेली पोषकद्रव्ये त्यानंतरही बाहेर येत राहिली. शेवाळ कमी झाले, प्रवाळ सावरू लागले, तरी ते शेवाळ काही भागांत जवळजवळ तीस वर्षे टिकून होते. २००६ साली दीर्घ ढगाळ पावसाळी काळानंतर ते कोसळले. एका उपसागराला जो संयम लागला, त्याचा छोटासा अंश आपल्या टाकीलाही लागणार. आवक थांबली म्हणजे साठा संपला, असे समजू नये.

मोजण्याबद्दल. टाकीवाल्यांचे बहुतेक किट आणि कलरीमीटर मॉलिब्डेनम निळ्या पद्धतीवर चालतात, जिची मर्फी आणि रायली यांनी १९६२ साली मांडलेली रीत आजही समुद्रविज्ञानाच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. पाण्यातले फॉस्फेट मॉलिब्डेटशी जुळते आणि ॲस्कॉर्बिक आम्लाने त्याला निळा रंग चढतो. निळाई जितकी गडद तितके फॉस्फेट जास्त. ही पद्धत मोकळे, अजैविक फॉस्फेट मोजते. खाद्याच्या कणांत, शेवाळात, विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यात अडकलेला स्फुरद तिला दिसत नाही. त्यामुळे शेवाळाने माजलेल्या टाकीतही आकडा कधीकधी शून्याजवळ येतो, कारण पाण्यात आलेले फॉस्फेट शेवाळ लगोलग गिळते. काही कलरीमीटर फॉस्फरसचा आकडा पीपीबीमध्ये देतात, त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागले की फॉस्फेटचा पीपीएम मिळतो. १० पीपीबी म्हणजे सुमारे ०.०३ पीपीएम. यंत्रातच ५ पीपीबी इकडेतिकडे होण्याची शक्यता असते, म्हणजे सुमारे ०.०१५ पीपीएम. म्हणून काल ०.०४ आणि आज ०.०५ आले, तर काहीही बदललेले नाही असेच धरावे. काचेच्या नळीवरचा बोटाचा ठसा किंवा न विरघळलेली पूड यापेक्षा मोठा फरक पाडते. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी, त्याच नळीने घेतलेले आकडे सलग दोन महिने लिहून पाहिले, तरच टाकीचा कल कळतो.

आपल्याकडच्या टाक्यांना काही खास अडचणी आहेत. मुंबई-पुण्याच्या घरांत स्वयंपाकघरातला आर.ओ. असतो, आणि त्याचेच पाणी टाकीला घालण्याचा मोह होतो. त्यातली अनेक यंत्रे चवीसाठी थोडे न गाळलेले पाणी परत मिसळतात किंवा खनिजांच्या कांडीतून पाणी फिरवतात. रीफ टाकीला लागते ते टीडीएस शून्य दाखवणारे, डी.आय. रेझिनमधून गेलेले पाणी. वीज गेली आणि रिॲक्टरचा पंप तासन्‌तास बंद राहिला, तर नळीतले पाणी प्राणवायूविना कुजते. पंप पुन्हा सुरू करण्याआधी ते ओतून टाकावे. गोठवलेले खाद्य बर्फासकट टाकू नये. जाळीत वितळवून, पाणी निथळून द्यावे. काही ॲक्टिव्हेटेड कार्बन स्वतःच फॉस्फेट सोडतात; नव्या पुड्यातली चिमूटभर आर.ओ.च्या पाण्यात रात्रभर भिजवून ते पाणी तपासले की लगेच कळते. मीडियावर आणखी पैसे घालण्याआधी या चार जागा बघाव्यात.

आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. भिंत बांधणारे सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्याजवळ, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या आंग्रिया बँकेवर, लक्षद्वीप किंवा अंदमानात असलेला प्रवाळ, जिवंत असो वा मेलेला, काढून टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे. टाकीत ठेवायचे ते कायद्याच्या चौकटीतले, कागदपत्रांसह आलेले, शक्यतो जोपासून वाढवलेले तुकडेच. पोषकद्रव्ये वाढल्यावर काय होते हे टाकीत पाहिलेला माणूस किनाऱ्यावरच्या सांडपाण्याकडे आणि शेतातून वाहून येणाऱ्या खताकडे वेगळ्या नजरेने पाहतो. या छंदातून असे चार जाणकार नागरिक तयार व्हावेत, आपल्या समुद्राला त्यांची गरज आहे.

पुढच्या प्रकरणांचा क्रम या विचारानेच लावला आहे. पहिला भाग आवकेचा: खाद्य, पाणी, मीठ, कार्बन. दुसरा नैसर्गिक जावकेचा: स्किमर, जो फॉस्फेटला हात लावत नाही पण फॉस्फेट बनण्याआधीच सेंद्रिय द्रव्य उचलतो, रेफ्युजियममधले, म्हणजे शेवाळासाठी राखलेल्या कप्प्यातले, कीटोमॉर्फा शेवाळ, जे कापून फेकले की त्यातला स्फुरद कायमचा जातो, आणि स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी रुळवलेले शेवाळाचे स्क्रबर. तिसरा भाग मीडियाचा, आणि तो मुद्दाम तिसरा आहे. चौथ्यात मोजमाप आणि नोंदवही, पाचव्यात बिघडलेल्या टाक्या सावरण्याचे टप्पे. ज्यांच्या टाकीत आजच आकडा ०.५ वर आहे त्यांनी पाचवा भाग आधी वाचला तरी चालेल, पण पहिला भाग टाळू नये. तिथली गळती बुजली नाही तर मीडियाचा खर्च कधीच थांबणार नाही.

शेवटी एक विनंती. हे पुस्तक हाती आल्यावर लगेच मीडियाचा डबा फोडू नका. आधी चार आठवडे आकडे लिहा: फॉस्फेट, नायट्रेट, अल्कलिनिटी, आणि रोज किती खाद्य दिले ते ग्रॅममध्ये. त्या चार आठवड्यांत बहुतेकांना निम्मे उत्तर सापडते. मग जितका लागेल तितकाच मीडिया वापरा. काचेतला प्रवाळ दुसऱ्या पाण्यात जाऊ शकत नाही. त्याच्या पाण्यात काय असावे हे सर्वस्वी आपण ठरवतो. हा अधिकार आपण स्वतःहून घेतला आहे, तेव्हा तो मोजून, जाणून आणि सबुरीने वापरणे आपल्यावर बंधनकारक आहे.